मोजणी

बारच्या फलाटावर समुद्र अजून अंगाला चिकटून होता.
सासूबाईंनी चीजचा गोल गड्डा फडक्यात बांधून
मांडीवर घेतला, तान्हं घ्यावं तसा.
पिशवीत बेलग्रेडच्या डॉक्टरची चिठ्ठी,
दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू.

"एकूण दोनशे चोपन्न," त्या म्हणाल्या. "तू मोज.
मला आता बोगदा आणि दुपार सारखीच दिसते."

समोरच्या बाकावरच्या ओग्नेननं, वय वर्षं आठ,
ते काम माझ्याकडून काढून घेतलं.
बिस्किटाच्या पुड्यावर पेन्सिलीनं रेघा.

स्काडरचं तळं मागे पडलं, एक बगळा बसल्या जागी राहिला.
पोद्गोरित्सापासून गाडी चढायला लागली
आणि नदी खाली खाली जात राहिली,
आधी ओढणी, मग नाडी, मग नुसता आवाज,
मग तोही नाही.
माला रिएकाच्या पुलावर डब्यातले सगळे उठून खिडकीशी गेले.
सासूबाई बसूनच:
"गप्प झालात म्हणजे पूल आला."

सासरे याच मार्गावर पहार चालवायचे,
कोलाशिनच्या आसपास कुठेतरी, पाच वर्षं.
नेमका कुठला बोगदा ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
सांगितलं ते एवढंच, की दोन्ही बाजूंनी खणत आलेली माणसं
मधल्या खडकातून एकमेकांचं खोकणं ऐकायची,
आणि ज्या दिवशी भोक पडलं, त्या दिवशी पलीकडून
एका अनोळखी हातानं सिगारेट पुढे केली.
खोकला त्यांनी घरी आणला. शेवटपर्यंत सांभाळला.

एका बोगद्यात,
ओग्नेनच्या हिशेबानं एकशे आठवा, नाहीतर नववा,
सासूबाईंनी खिडकी खाली करायला लावली.
ओल आत आली, दगडाची, तळघरातली.
हात बाहेर काढू नका, मी म्हटलं.
त्यांनी नुसतं नाक पुढे केलं.
"हा नव्हे," म्हणाल्या,
आणि मांडीवरचं चीज सारखं केलं.

बिएलो पोल्येला एक पोलीस चढला, पुढे दुसरा.
"माझं लग्न झालं तेव्हा हा सगळा एकच देश होता,"
सासूबाईंनी दुसऱ्याला ऐकवलं.
विशीतला पोरगा, लाजला.
शिक्का मात्र नीट मारला.

उझित्सेच्या पुढे ओग्नेन झोपला, गालावर पेन्सिलीचा डाग.
रेघा दोनशे सव्वीसवर थांबलेल्या.
उरलेल्या मी मोजायच्या ठरवल्या आणि मलाच डुलकी लागली.
डोंगर नेमके कुठे संपले
ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.

रात्री बेलग्रेड.
स्टेशन काँक्रीटच्या छताखाली, दिवे मोजकेच,
डोक्यावरून कुठूनतरी रहदारीची घरघर.
लोक उतरू लागले. सासूबाई हलेनात.
"बोगद्यातच थांबवली का गं?"
"नाही आई. शहर आलं."
त्यांनी हवा हुंगली:
ओल, सिमेंट, कुणाची तरी सिगारेट.
मग दाराशी येऊन त्यांनी काळोखात हात पुढे केला,

आणि खालून, फलाटावरून,
कुणीतरी तो धरला.