शेंडीचा नारळ

माडाला सण कळत नाही.
तो महिन्याला एक पोय टाकतो, बस्स.
वर शेंड्यात बसलं की सगळं वर्ष एकदम दिसतं:
खाली सुकून खडखडणारी पेंड,
तिच्यावर अडसर, त्यावर शहाळी,
मग मुठीएवढी, मग सुपारीएवढी,
आणि मधोमध मिटलेली पोय, भाल्याच्या पात्यासारखी,
जिच्यात पुढचा डिसेंबर आत्ताच येऊन बसलाय.

खाली मात्र सगळ्यांना आजच हवं असतं.

चौलच्या डोंगरावर दत्ताची जत्रा भरली
तेव्हा पाच दिवसांत एकोणसाठ माड चढलो.
फुटलेल्या नारळांच्या पाण्याने
पायऱ्या चिकट झाल्या होत्या.
मग आकाशपाळणे सुटे होऊन टेम्पोत गेले,
चंद्र एका बाजूने झिजायला लागला,
आणि कोर्लईहून फ्लोरिना मार्टिसचा फोन.
"तीस दे. जून दे. गेल्या खेपेला चार कुजके निघाले,
ते यात धर."
चार नव्हते, दोन होते.
ती भांडते मराठीत, हिशेब करते तिच्या बोलीत.
पूल ओलांडल्यावर त्या एका गावातच चालणारी बोली,
मला त्यातले आकडे तेवढे कळतात,
कारण ते नेहमी माझ्या आकड्यांपेक्षा कमी असतात.
पडवीत नेवऱ्यांचं पीठ मळलेलं,
आणि कागदाचा तारा घेऊन तिचा पोरगा शिडीपाशी उभा:
"हिराजीकाका, तुम्हीच चढा ना."
चढलो. त्याचे पैसे कोण देतो.

हमदुल्यांकडे उरूस.
त्यांचं वर्ष दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं,
यंदा येऊन डिसेंबरात टेकलं.
सांदणांना दूध काढायचं,
म्हणून नारळ सोलून, शेंडी काढून,
गुळगुळीत करून दिले. पन्नास.

फोन खिशात थरथरला तेव्हा
मी मोझेलबाईच्या माडावर होतो.
पावसाआधी ती मुलाकडे गेली, अश्दोदला.
एका हाताने झावळी धरून
दुसऱ्या हाताने तिला समुद्र दाखवायला लागलो.
"समुद्र नको. समुद्र इथं पण आहे.
माझी कौलं दाखव."
दाखवली.
"सरकलीत ना?"
"तीन."
पाच होती.
जरा वेळ ती काही बोलली नाही, वारा ऐकत असेल.
मग म्हणाली, संध्याकाळी पाचवा दिवा लावायचाय.
मी विचारलं, तेल कुठलं?
"सूर्यफुलाचं. जळतं नीट.
पण घराला वास लागत नाही रे."

उतरलो, आणि सवयीने
पहिल्या माडाचा पहिला नारळ
तिच्या पायरीवर ठेवला, मलिद्याचा.
दाराला कुलूप होतं, हे मला माहीत होतं.

घरी आलो तर सुभद्राने घट मांडलेला.
मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार.
पाटावर तांदूळ, तांब्यात पाणी, पाच डहाळे,
आणि वर काहीच नाही.
"दिवसभर माडावर, आणि घरात नारळ नाही?"
ओटीवर बायका पदर सावरून बसलेल्या,
त्यातली एक हसली.

पायरीवरचा परत आणावा,
असं एकदा मनात आलं. पाय वळले नाहीत.
दिवेलागणीनंतर झाडाला हात लावत नाहीत.
म्हणून हमदुल्यांच्या मागल्या दाराला गेलो.
खैरुनबी म्हणाल्या,
"सगळे तुम्हीच तर बोडके करून दिलेत सकाळी."
मग धाकट्या झुबेदाने
सोडणांच्या ढिगाआडून एक ओढून काढला,
माझ्याच कोयत्यातून सुटलेला,
झोपेतून उठवल्यासारखा, केस विस्कटलेला.

सुभद्राने तो धुतला, हळद-कुंकवाची बोटं ओढली.
"कुणाकडचा?"
मी सांगितलं.
तिने शेंडी दोनदा ओढून बघितली.
"घट्ट आहे," म्हणाली,
आणि कहाणी वाचायला बसली.