नाळेबा

सिनेमा कन्नड होता. तंबू संकेश्वरच्या वाटेवर,
ऊस तुटून गेलेल्या रानात; आम्ही सरीत बसलो.
आई तंबाखूच्या वखारीतून थेट आलेली,
तिच्या लुगड्याच्या वासानं पुढच्या दोन रांगा शिंकत होत्या.
मी चौदाची.

गोष्ट काय होती, विचारू नका.
कुणाचं तरी लग्न मोडतं, कुणीतरी गाव सोडतो,
शेजारची निंगव्वा रडली म्हणून मीही रडले.
मला दिसला तो घड्याळजी.
नायकाचं बंद घड्याळ हातात घेतो,
डोळ्यात भिंगाची काळी नळी बसवतो,
आणि पडदाभर चाकं. पितळी, दातेरी,
एकमेकांना ढकलणारी, भांडण न करता.
मान वर न करता तो म्हणतो: नाळेबा.

जोतिबा असतो, बिरोबा असतो,
असेल चाकांचाही एखादा.

महिन्याभरात निपाणीला दस्तगीर नाईकवाडींच्या दुकानापुढं उभी.
"मी शिकतो," म्हणाले. आमच्याकडं पोरी असंच बोलतात.
"हात दाखव."
विड्या वळून वळून बोटं तयार होती.
पहिलं घड्याळ उघडताना पुटपुटले, नाळेबा.
मास्तर हसले की खोकले, कळलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी चिकोडीच्या कचेरीत,
परवान्यासाठी, खिडकीशी दोन तास.
कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "नाळे बा."
मी हात जोडले.
मागचा म्हातारा म्हणाला, "बाई, उद्या ये म्हणतोय तो."

उद्या ये. एवढंच.
पाच वर्षं मी ज्याला नमस्कार केला
तो एक वायदा होता,
आमच्या मुलखाला कोर्टात मिळतो तसलाच.
परतीच्या बसमध्ये एकटीच हसत होते;
कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

परवा भाच्यानं मोबाईलवर शोधून दिला तो सिनेमा.
घड्याळजी अकरा सेकंदांचा.
नळी उलटी बसवलीय. चिमटा धरलाय काडेपेटी धरल्यासारखा.
आणि चाकं त्या घड्याळाची नव्हेतच,
भिंतीवरच्या लंबकवाल्याची.
"आत्ती, ह्याच्यासाठी?"
मी म्हणाले, पुन्हा लाव.

हल्ली लोक सेल बदलायला येतात, नाहीतर पट्टा.
काल एक पोरगी आली, हत्तरगीची,
बापाचं चावीचं घड्याळ रुमालात बांधून.
विहिरीत पडलेलं. उघडलं;
गंज होता, पण दात शाबूत.
ती काउंटरवर कोपरं टेकून आत बघत राहिली,
पापणी न लवता.
मी नळी काढली नाही. म्हणाले, "नाळे बा."
तिला लगेच कळलं. तिची भाषाच ती.
"हूं री," म्हणाली नि गेली.

आज शटर वर करायला आले
तर पायरीवर बसलेली.
घड्याळ झालं नव्हतं.
मी स्टूल तिच्याकडं सरकवलं.