हिशेबात नसलेला टी

मक्तूमसाब भिंतीला कान लावतो,
छिन्नीच्या मुठीनं हळू ठोकतो, सरकतो,
पुन्हा ठोकतो.
"नकाशा न्हाई काय ओ बाई, पायपांचा?"
नकाशा बाबांच्या डोक्यात होता.
बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

पंचेचाळीस वर्षांच्या लोखंडी पायपा
मोरीतून, जिन्याखालून, देवघराच्या पाठीमागून
माडीवर चढलेल्या.
माडीवरच्या हणबरकाकूंच्या बादलीत
दोन वर्षं झाली, चहाच्या रंगाचं पाणी पडतं.
भाडं मात्र त्या वेळेवर देतात,
म्हणून मलाच लाज वाटायची.

पहिला तुकडा निघाला तसा सिद्रायनं
दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला.
"काय दिसूलालंय बे?"
"काय बी न्हाई. पेन्सिल जाईल, बस्स."
एक इंची पाइप, आणि आत पेन्सिलीएवढी वाट.
बाकी सगळा गंज, थरावर थर.
एवढ्याशा वाटेनं
तीन बाळंतिणींचं न्हाणं झालं या घरात,
आणि बाबांना शेवटची अंघोळ घातली
तेही पाणी इथूनच आलं, थांबत थांबत.

जोडावर ताग, तागावर सफेदा.
मक्तूमसाब पान्याला हातभर नळी जोडून लोंबकळतो.
"कुणी आवळलंय हे?" शिवी गिळून विचारतो.
बाबांनी.
मागावर हात बसलेला माणूस,
सैल काही ठेवायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी परसाकडच्या भिंतीत
एक टी निघाला, ज्याचा हिशेब लागेना.
एक तोंड आमच्या घरात.
दुसरं कुंपणाखालून सरळ
मुनवळ्ळींच्या परसात.

मुनवळ्ळी!
ज्या कुंपणाच्या नऊ इंचांसाठी
बाबा अकरा वर्षं कोर्टात गेले,
त्याच नऊ इंचांखालून.
त्या घरच्या नीलव्वाला
हाकसुद्धा मारायची नाही, अशी आम्हा पोरांना ताकीद.
दोन्ही दारांवरच्या पाट्यांची अक्षरंसुद्धा
एकमेकांना ओळख न देणारी.

मी जन्मात पहिल्यांदा त्यांची कडी वाजवली.
नीलव्वा आल्या, चष्म्याला दोरी.
टीकडे बघत राहिल्या.
मग अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत:
"हौद्री. बरगाल वर्ष होतं. मी बाळंतीण.
निम्म अप्पा रात्री आला, कंदील घेऊन.
तोंडानं काय बोलला न्हाई.
खोदला. जोडला. गेला.
सकाळी नीर बंतु."

"आणि केस?"

"केस चालू होती की."

मक्तूमसाब करवत घेऊन ताटकळलेला.
"कापून टाकू? का ठेवू?"
त्यांच्याकडे आता बोअर आहे, टाकी आहे,
नगरपालिकेचा वेगळा नळ आहे.
"नव्या लायनीत एक टी टाक," मी म्हटलं,
"त्या अंगाला तोंड करून."
"आन् पुढं?"
"पुढं बूच मार. हातानं निघेल एवढंच आवळ."
तो हसला. गिऱ्हाइकाच्या डोक्याला
औषध नसतं, हे त्याला ठाऊक आहे.

भंगारवाल्यानं त्रेसष्ट किलो भरलं.
गंजही लोखंडाच्या भावानं गेला.

नव्या पायपा साईच्या रंगाच्या, आणि मुक्या.
जुन्या चौथ्या दिवशी पहाटे
पाणी सुटायच्या आधी खोकायच्या, गुरगुरायच्या,
सगळं घर उठून बसायचं.
काल राकसकोपचं पाणी कधी सुटलं,
मला कळलंच नाही.
टाकी भरली, ओघळ अंगणातून
कुंपणापर्यंत गेला,
आणि पलीकडून, काळोखातच,
"बाई! नीर बंतु, एळरी!"