बरणीतली दुसरी चिठ्ठी

गणेश पेठेत पहाटे हर्णैची गाडी रिकामी होते,
बर्फाखालून शेपट्या निघतात.
"मोरी ती मोरी," इंदुमती परदेशी तराजू उचलतात,
"भाव विचारा, जात काय विचारता?"

आकुर्डीला टेबलावर दोघींना शेजारी निजवते मी.
हातभर लांब. पाठ राखी, पोट दुधी,
नाकाडं सारखीच निमुळती.
एकाच जाळ्यात, बहुधा एकाच रात्री मेलेल्या.

मग भिंगाखाली
हिच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक मुरड
लांब वर गेलेली;
तिची, सुरू होताच संपलेली.
एवढ्यावर दोन नावं.

फडताळात देवस्थळी सरांची बरणी आहे,
एक्क्याऐंशी सालची.
कोपरा बघते. मुरड आखूड.
चिठ्ठीवर मात्र, त्यांच्या वळणदार अक्षरात,
लांब मुरडवालीचं नाव.
जुनी चिठ्ठी काढायची नसते, हे त्यांनीच शिकवलेलं.
माझी मी शेजारी सोडते.
स्पिरिटमध्ये ती हळूहळू बुडते.

शुक्रवारी इंदुमतींना सगळं सांगितलं, ओठासकट.
खवले उडवता उडवता म्हणाल्या,
"बरं. मग कालवणाला कुठली?"

बावीस वर्षं मापं घेतेय मी.
चाखली एकही नाही.