कड्या, अकरा नग

इतिवृत्त मी लिहिते. बावीस वर्षं.
म्हणून मला ठाऊक आहे काय लिहायचं नसतं.

विषय क्रमांक चार: सरोज परमार, वय एकतीस, राहणार देवास,
हिला आश्रयगृहात खाट द्यावी का.
पहिली हरकत 'हिला'वरच आली.
"याला लिही," जोगळेकरबाई म्हणाल्या.
मी पेन हवेत धरलं.

सरोजनं नाव बदललेलंच नाही.
हे नाव दोघांनाही चालतं;
बारशालाच आईनं जणू दार किलकिलं ठेवलेलं.
ती बाहेर पायरीवर बसली होती
भावानं फोडलेल्या ओठाला बर्फ लावून.
बर्फाचं पाणी पिशवीवर ठिबकत होतं.

मल्हारगंजातली खोली. चौदा खुर्च्या, एक पंखा,
तोही जुन्या बायकांच्या बाजूला.
नव्या मुली म्हणाल्या, बाई, तुम्ही मागे राहिलात.
जुन्या म्हणाल्या, बाई, तुम्हीच शिकवलंत,
जागा मिळून भागत नाही, राखावी लागते.

मुंगीबाईंनी याच इंदुरात, मिलच्या फाटकावर,
बायकांच्या संडासासाठी एकोणीस दिवस ठिय्या दिला होता.
मॅनेजर म्हणालेला, मुंगी ती, बूट ठेवला की संपली.
विसाव्या दिवशी चार संडास मिळाले.
कडी एकालाही नव्हती.
एकीनं आत जायचं, एकीनं बाहेरून दार धरायचं,
अशी सहा वर्षं काढली.

मग खाट क्रमांक सहावरची रुक्मा आली, पदर घट्ट धरून.
"दीदी, भारी पैर की आवाज आती है न,
तो मेरी नींद उड़ जाती है. मैं क्या करूँ."
हे खोटं नव्हतं.
त्या खोलीत कुणीच खोटं बोलत नव्हतं,
तीच तर पंचाईत.

मुंगीबाई उठल्या. गुडघा वाजला.
"ठीक. फाटकावर राखण बसवू.
तपासणार कोण?
ठाण्यात नेलेली ती मुलगी आठवते?
डॉक्टर पुरावा शोधत होता तिच्या अंगात.
आपण रस्त्यावर उतरलो ते कशासाठी?
आता मी कुणाचं लुगडं वर करून बघू?
सरोजचं? मग जी जी उंच, जिचा आवाज जाड, तिचं?
माझ्याही हनुवटीवर केस आहेत, जोगळेकर.
दर गुरुवारी उपटते."

कुणीतरी हसलं. पंखा फिरत राहिला.

"पण रुक्माला काय सांगू,
ते मला माहीत नाही."
मी लिहायची थांबले.
"लिही," त्या म्हणाल्या. "माहीत नाही, असंच लिही."

हात वर झाले. सहा इकडे, सात तिकडे.
कुठले सात, ते रजिस्टरात आहे, इथे नाही.
चौदावा हात मांडीवरच होता.
नव्यांतल्या दोघी चहा न घेता गेल्या.
जोगळेकरबाईंनी चहा घेतला, मग राजीनामा दिला.

त्या रात्री सरोज ऑफिसात झोपली, दोन टेबलं जोडून.
मधल्या दारात, सतरंजीवर, मुंगीबाई.
वय एकाहत्तर, उशाला चपला.
इकडून रुक्माला दिसतील,
तिकडून सरोजला.
दोघीही जाग्या होत्या म्हणे. बाई मात्र घोरल्या.

सकाळी रामबागेतून सुतार आला.
न्हाणीघरं, संडास, खोल्या, सगळ्या दारांना
आतून.
रुक्मानं आपली कडी तीनदा लावली, तीनदा काढली.
सरोज पायरीवर बसून स्क्रू मोजून देत होती,
ओठ सुजलेला, तरी काहीतरी गुणगुणत.

खर्चाच्या वहीत मी लिहिलं:
कड्या, पितळी, अकरा नग. मजुरी वेगळी.
ठराव तसाच आहे. रुक्मा अजून रात्री उठते.

शेवटची कडी बसली तेव्हा
मुंगीबाई आत जाऊन लावून बघायला लागल्या.
बराच वेळ आल्या नाहीत.
बाहेर मी दार धरून उभी होते.
उगाच.