दहा फुटांचं गेट

घर बांधलं तेव्हा गुणवंतनं गेट दहा फुटांचं केलं.
खिडक्यांना पैसे उरले नव्हते, गोणपाट लावलं होतं,
पण गेट दहा फुटांचं.
"उद्या गाडी आली तर भिंत फोडाची का?"

त्या उद्याला सात वर्षं झाली.
दोन पल्ल्यांपैकी एकच उघडायचा,
दुसऱ्याची कडी गंजून जागीच बसली.

मग वर्ध्याला गेलो, जुनी गाडी पाहायला.
पांढरी. आत कोणाच्या तरी अगरबत्तीचा वास,
मागच्या काचेवर कोणाच्या तरी लेकीचं नाव.
तिथल्या पोरानं कागदावर हप्ता लिहिला
आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

परतीच्या एस.टी.त गुणवंत बोलला नाही.
मी बोटांवर मोजत होते:
मंगळवारचा बाजार, चार किलोमीटर.
शाळा, तीन.
शिवलेले कपडे आर्वीला, आठवड्यातून एकदा, नऊ.
माहेर वर्षातून दोनदा, आणि तिथं एस.टी. जाते.
अंगठा उरलाच.

पुलगावच्या रज्जाक मिस्त्रीला चित्र दाखवलं,
वहीच्या पानावर, श्रावस्तीच्या स्केचपेननं काढलेलं.
पुढे दोन चाकं, त्यांवर पेटी,
मागे एक चाक, आणि मी.
"बाई, हा तं ठेला झाला."
म्हटलं, ठेल्यात बसायला फळी नसते,
कमरेला पट्टा नसतो.
त्यानं विडी विझवली.
"मोटर?"
"चढापुरती."
एकवीस दिवस लागले. रंग त्याच्याकडे होता तोच दिला,
कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा उरलेला निळा.

गावानं आधी नावं ठेवली, मग एक नाव ठेवलं:
घंटागाडी.
माझा भाऊ नागपूरहून आला, एसीतून उतरला,
गोल फिरून पाहिलं.
"काहून जी भाऊजी, कार घेतो म्हणत होते न तुम्ही?"
गुणवंत हसला.
दुकानात पैसे कमी पडल्यावर माणूस हसतो, तसं.
ते हसणं मला रात्रभर टोचलं.

खोटं कशाला लिहू.
मे महिन्यात डांबर टायरला चिकटतं,
पेटीच्या पत्र्याला हात लागला तर फोड येतो,
तेव्हा त्या पांढऱ्या गाडीच्या बंद काचा आठवतात.
पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरते
की दर शंभर पावलांवर उतरून तुराटीनं काढावी लागते.
हायवेवर ट्रक गेला की पेटी थरथरते,
अनुज वळून माझ्याकडे पाहतो
आणि मी हसून दाखवते.

श्रावस्ती सहावीत. शाळेच्या अलीकडे, पुलापाशी उतरायची.
"इथंच थांब. मी जातो पायी."
मी काही विचारायचे नाही.
पुलाखाली पाणी नसायचं, तरी ती वाकून पाहत राहायची,
मला वळून जाता यावं म्हणून.

पण एक सांगते.
कारमध्ये पोरं मागे बसतात, आरशात मावतील तेवढीच दिसतात.
इथं ती माझ्यापुढे.
मी पायडल मारते आणि समोर दोन डोकी:
एकाचा भोवरा,
एकीचा भांग, मीच घाईत पाडलेला, वाकडा.
बाजारातून येताना सांबाराची जुडी, भेदरं,
ढेपेचं पोतं, त्यावर पाय ठेवून अनुज पाढे म्हणतो.
सतराच्या पाढ्याला दरवेळी चढ लागतो.
पऱ्हाटीच्या धुऱ्यावर रोही उभी असते.
आमचा आवाजच नाही,
ती पळायचं विसरते.

दिवाळीनंतर एकदा पुलापाशी थांबले,
श्रावस्ती उतरली नाही.
"ते पाय, पल्लवी उभी हाय. तिची सायकल पंक्चर. घेऊ का?"
पेटीत तिघं झाली. मोटर कण्हली.
शाळेच्या फाटकापर्यंत गेलो.
कोणी काही बोललं नाही, प्रार्थनेची घंटा तेवढी वाजली.
दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुलापाशीच उतरली.

गेटच्या त्या न उघडणाऱ्या पल्ल्यावर
या साली दोडक्याचा वेल चढला.
परवा गुणवंत तेलाची बाटली घेऊन कडीपाशी उभा होता.
वेलाची दोन टोकं त्यानं सळीतून अलगद सोडवली,
कडी हलवून पाहिली.
मग टोकं होती तशी परत गुंडाळली
आणि तेल माझ्या साखळीला घातलं.