सदतिसावा किलोमीटर

डफरीन चौकात माझं दुकान.
एक झेरॉक्स, एक संगणक, दोन खुर्च्या.
रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट,
फॉर्ममागे चाळीस रुपये.
एप्रिलातल्या एका दुपारी, बेचाळीस अंशांत,
पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यादगिरी चिलवेरी आला.
"शमीमताई, ऑलिम्पिकला जायचं हाय. लिवा की."

मी विचारलं, कोण खेळतंय तुमचं?
"कोण नाय."

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
अडतीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा,
त्यामुळे शांत दुकानातही ओरडूनच बोलतो.
फार पूर्वी मिलच्या स्पर्धेत धावला होता,
दुसरा आला. बक्षीस चादर.
"घडी उघडली, तर काठातली चूक वळखीची.
मागच्या पाळीला मीच विणलेली."

मग हिशोब मांडला,
कुणाच्या तरी रद्द फॉर्मच्या पाठीवर.
विमान एक लाख अठरा हजार, तेही वाटेत दोनदा उतरून.
खोली रात्रीला सोळा हजार,
एरवी तीच चारला मिळते म्हणे.
विमा. व्हिसा. मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जाणं-येणं,
सिद्धेश्वर एक्सप्रेसचं स्लीपर, वर वडापाव.
बँकेचा तीन महिन्यांचा उतारा:
सात तारखेला आलेले आकडे
चौदापर्यंत निघून गेलेले.
शंभर मीटरच्या अंतिम फेरीचं तिकीट सोडतीत,
लागलंच तर सत्तर हजार.

"किती वेळ चालती ती?"
दहा सेकंद.
त्याची बोटं मांडीवर हलली.
"आपला माग मिनिटाला एकशेवीस धोटे टाकतो.
दहा सेकंदांत वीस.
म्हंजे अर्धा इंच टॉवेल, ताई.
सत्तर हजाराला अर्धा इंच!"

सून म्हणाली होती, एवढ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब पडतो.
तेही लिहायला लावलं त्यानं.
"खर्चात नको. बाजूला. नुसतं लिवा."

पान खाली सरकवताना मलाच दिसलं:
मॅरेथॉनला तिकीट नाही.
रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं,
बस.
त्यानं खुर्ची पुढे ओढली.

फॉर्मला मात्र तिकीट क्रमांक हवाच.
रेघ मारली, घेईना.
शून्य टाकलं, घेतलं.
प्रवासाचा उद्देश?
"उभं ऱ्हाणं," तो म्हणाला.
मी पर्यटन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, रात्रभर हिशोब करून.
धावणारा माणूस आपल्यासमोर असतो
फार तर चार सेकंद.
"आठ धोटे," म्हणाला, आणि हसला.
मार्गाचा नकाशा मोठ्या कागदावर काढून घेतला,
वीस रुपये झाले, मी दहा घेतले.
तो नकाशा म्हणे कँटीनच्या भिंतीवर लागला,
शिफ्ट बदलताना पोरं विचारतात,
मामा, कुठं उभारणार?
सदतिसाव्याला.
शेवटाला नाही, तिथं मोठी माणसं असतात.
सुरुवातीला नाही, तिथं सगळे ताजे,
सर्रकन् निघून जातात.
सदतिसाव्याला पाय जड होतात,
"माणूस जरा जास्त वेळ दिसतो."

पासपोर्ट मुंबईला जाऊन आज एकोणीस दिवस.
रोज संध्याकाळी साडेसातला तो येतो,
मी क्रमांक टाकते.
प्रक्रियेत आहे.
"आसू दे," म्हणतो आणि जात नाही.
सायकल स्टँडवर लावतो, परत काढतो.
परवा भंगारवाल्याच्या काट्यावर बॅग तोलून आला:
शेंगाचटणी, कडक भाकरीची चवड,
दोन शर्ट, बायकोनं कोंबलेला स्वेटर, अकरा किलो भरली.
वर पिशवीत वेगळा काढलेला एक टॉवेल,
काठात चूक असलेला, कारखान्यानं बाद केलेला.

हा कशाला?

एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा
हात उडवून दाखवला त्यानं.
"जागा धरायला."